सहा किलोमीटरवरचा सुरुंग

हैदराबादेत थंडी आली की ती मला आधी कानांना कळते. स्वेटर बाहेर काढायला अजून आठवडा असतो, आणि एका सकाळी चहाचं आधण ठेवताना कुठून तरी फार लांबून गाडीची शिट्टी येते. उन्हाळ्यात ती कधी ऐकू येत नाही. पावसाळ्यातही नाही. गाड्या तेव्हाही जातच असतात. मग दोन-तीन दिवसांनी, आमच्या गल्लीतली अजान संपल्यावर, कुठल्या तरी दूरच्या मशिदीतली दुसरी अजान येते. एकटी, धुतल्यासारखी स्वच्छ. कुठे तरी ट्रकातून लोखंडी सळया उतरवत असतात, त्यांचा खणखणाट येतो. मी गॅस बारीक करून खिडकीशी उभी राहते. ऊन जरा वर चढलं की हे सगळं एकामागून एक विरत जातं, आणि नऊ वाजेपर्यंत उरते ती फक्त आमच्या रस्त्यावरच्या गाड्यांची कटकट.

यंदाची शिट्टी परवा आली. आली, आणि मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते त्या थंडीत जाऊन पोचले.

माझे बाबा सुरुंग लावायचे. आजोबा परभणीकडून खडी फोडायला म्हणून हैदराबादेत आले आणि आयुष्यभर घण चालवत राहिले. बाबा मॅट्रिक झाले, खाणीवर लागले, आणि परीक्षा देऊन सुरुंग उडवायचा परवाना त्यांनी मिळवला. आमच्या घरात सरकारी शिक्क्याचा तो पहिला कागद. आमच्या भाषेत ते ‘लैसन’. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते आईच्या पैठणीच्या घडीत ठेवलेलं असायचं. पैठणी लग्नाची होती, वर्षातून एकदाही निघत नसे. लैसनसाठी मात्र कपाट आठवड्यातून दोनदा उघडायचं.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. देशाची दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं लिहीत होती. मला ते कुकटपल्लीत नुसतं डोळ्यांनी दिसत होतं. काल जिथे शेळ्या चरत होत्या तिथे आज पाटी लागलेली असायची, की इथे ऑफिस होणार, इथे अपार्टमेंट, इथे शोरूम. आणि हैदराबादेत कुठेही पाया खणायला घ्या, दोन हातांवर खडक लागतो. कित्येकदा तेवढंही खणावं लागत नाही. खडक वरच बसलेला असतो, हत्तीच्या पाठीसारखा, एकावर एक रचल्यासारखा. तेव्हा नव्या काळाला वाट करून द्यायची तर आधी माझ्या बाबांना बोलवावं लागे, याचा मला मनातून फार अभिमान वाटायचा.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांचं काम पाहिलं होतं. कुकटपल्लीच्या कडेला एक टेकाड होतं, तिथे मोठी इमारत व्हायची होती. दगडात भोकं पाडून ठेवलेली. बाबा एकेका भोकाशी उकिडवे बसून त्यात सुरुंगाची दारू भरत होते, वर माती ठासत होते, आणि प्रत्येक भोकाचं वजन-माप खिशातल्या डायरीत लिहीत होते. मग लाल झेंडे लागले. शिट्टी झाली. एक माणूस रस्त्यावर उभा राहून ओरडू लागला, “हटो, हटो! सुरुंग उडरा!” मग तेच तेलुगूत. बाबांनी कानात कापूस घातला, आडोशाला बसले आणि मान खाली घातली. जमीन पोटात हलली. धूळ बसल्यावर पाहिलं तर मोठा खडक कलिंगडासारखा चार फोडी होऊन पडलेला, आणि एक खडासुद्धा झेंड्यांच्या बाहेर गेलेला नव्हता. बाबांनी आधी सगळी माणसं मोजली आणि मगच कानातला कापूस काढला.

त्या थंडीत पहिली अर्जी आली. बोवेनपल्लीकडच्या एका वस्तीतून कुणी सिद्दीकीसाब म्हणून होते, त्यांनी कलेक्टर कचेरीला लिहिलं होतं, की कुकटपल्लीच्या सुरुंगाने सकाळी आमच्या खिडक्या हादरतात, घरात हृदयाचं दुखणं असलेली बाई आहे, सबब बंदोबस्त व्हावा. सगळे हसले. टेकाडापासून ती वस्ती सरळ रेषेत सहा किलोमीटर. मध्ये बालानगरची वस्ती, कारखाने. तिथल्या एकाचीही तक्रार नव्हती. टेकाडाच्या आडोशाला चहाची टपरी होती, तिथले ग्लाससुद्धा जागचे हलत नव्हते. “बुढ्ढ्याला काम नाही,” सगळ्यांनी निकाल दिला.

पण दुसरी अर्जी आली, तिसरी आली. काम ज्याच्याकडे होतं त्या गुत्तेदाराने तिन्हींच्या नकला बाबांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, “मेस्त्री, तुम दारू जास्ती भररे. और एक अर्जी आई तो लैसन गया समझो.”

बाबा त्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला न बसता कपाटापाशी गेले. पैठणीची घडी उघडून पिशवी पाहिली, परत ठेवली. आई म्हणाली, “अहो, तुम्ही किती भरता ते डायरीत लिहिलंय की. दाखवा ना त्यांना.”

“डायरी मीच लिहितो. माझी डायरी कोण खरी मानणार?” बाबा म्हणाले. “पण मी तोळाभर जास्त भरलेली नाही. तो म्हातारा खोटं बोलतो.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दारू निम्म्यावर आणली. खडक नीट फुटेना, पुन्हा घण चालवायची वेळ आली, मजूर कुरकुरू लागले. आणि तरीही चौथी अर्जी आलीच, तिचीही नक्कल बाबांच्या हातात पडली.

त्या रात्री बाबांनी पैठणीची घडी पुन्हा उघडून पाहिली. सकाळी ते कामावर गेले तशी मी चारी अर्ज्यांच्या नकला आणि बाबांची जुनी डायरी घेऊन बसले. प्री-फायनल परीक्षा तोंडावर होती, वही उघडी होती, पण मन लागत नव्हतं. अर्जीतलं अक्षर देखणं होतं, इंग्रजीही. शेवटी लिहिलं होतं, ‘निवृत्त, तार खाते’. आणि प्रत्येक अर्जीत नुसती तारीख नव्हती, वेळही होती, सेकंदासकट. सात वाजून अठरा सेकंद. सात वाजून सतरा सेकंद. खोटं बोलणारा माणूस सेकंद कशाला लिहील, असं माझ्या मनात आलं आणि लगेच अपराधी वाटलं, कारण मग खोटं बोलतंय कोण?

अर्जीतल्या तारखा मी डायरीशी लावून पाहिल्या. ज्या ज्या दिवशी तक्रार, त्या त्या दिवशी बाबांचा सुरुंग सातच्या ठोक्याला उडालेला. पण एक दिवस असा होता की बाबांनी त्या महिन्यातली सगळ्यांत जास्त दारू भरली होती आणि सिद्दीकीसाबांनी त्या दिवसाबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. डायरीच्या कोपऱ्यात बाबांनी लिहिलं होतं, ‘आभाळ. वारा.’

माझं कॉलेज जामबागेत. फिजिक्सला विजयलक्ष्मी मॅडम होत्या, तेलुगू, ठेंगण्या, खडू लागलेल्या पदराने कपाळ पुसणाऱ्या. तास संपल्यावर मी डायरी आणि अर्ज्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी दोन्ही वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि म्हणाल्या, “कम्.” मला व्हरांड्यात नेलं. खाली मैदानात मुलींची परेड चालली होती, दहा-दहा मुली हातात हात धरून आडव्या ओळीत.

“बघ ती ओळ. समज, डाव्या टोकाच्या मुली वाळूत चालतायत आणि उजव्या टोकाच्या पक्क्या रस्त्यावर. काय होईल?”

“उजवीकडच्या पुढे जातील.”

“आणि हात तर सोडायचे नाहीत. मग?”

“ओळ वळेल. डावीकडे. वाळूकडे.”

“झालं.” मॅडम हसल्या. “आवाज अशाच ओळीने चालतो. उबदार हवेत वेगाने, गार हवेत सावकाश. दिवसा जमीन तापते, खालची हवा ऊन, वरची गार. आवाजाची ओळ वर वळते, आभाळात निघून जाते. पण थंडीत, निरभ्र रात्रीनंतर सकाळी उलटं असतं. जमीन गार, तिला चिकटलेली हवा गार, आणि वरची त्यापेक्षा उबदार. मग वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो. मधल्या लोकांच्या डोक्यावरून जातो आणि लांब कुठे तरी उतरतो. आभाळ असलं, वारा असला की हा थर जमतच नाही.”

“म्हणजे बाबा खरं बोलतायत?”

“हो.”

“आणि तो म्हातारा?”

“तोही. पण मी म्हणते म्हणून कशाला? जा आणि ऐकून ये.”

हे घरी आईला सांगितलं. आई अफजलगंजला ग्रंथालयात नोकरीला होती, दिवसभर पुस्तकं उचलून जागेवर लावायची. छापलेल्या गोष्टींवर तिचा आधीपासून विश्वास. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझ्या बाबांना आत्ता सांगू नको. आधी आपण जाऊ.” रेडिओवर बातम्यांआधी वेळेचे ठोके वाजतात त्यांवर मी माझं घड्याळ बाबांच्या घड्याळाशी जुळवलं, परीक्षेच्या नावाखाली. शनिवारी पहिल्या बसने आम्ही दोघी बोवेनपल्लीला उतरलो.

सिद्दीकीसाब स्वेटरवर मफलर गुंडाळून अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. आई म्हणाली, “आम्ही कुकटपल्लीहून आलोत. सुरुंग लावणाऱ्या मेस्त्रींच्या घरचे.” त्यांच्या हातातली झारी थांबली. चेहरा ताठ झाला. मी घाईघाईने म्हणाले, “साब, झगडने को नै आए. सुनने को आए.”

त्यांनी झारी कुंडीशी ठेवली. मग म्हणाले, “चालीस बरस मैं कान से रोटी कमाया, बेटी. तार की टिक-टिक सुन के. मैं झूट कायकू बोलूंगा? आओ, अंदर आओ.”

आत पलंगावर त्यांच्या बेगम होत्या. गोऱ्या, थकलेल्या, केसांना मेंदी. आम्हाला पाहून त्यांनी पानाचा डबा सरकवला, गावाची चौकशी केली. पण सात वाजायला पाच मिनिटं राहिली तसं त्यांचं बोलणं तुटत गेलं. त्यांनी पलंगाची कड धरली. दुसरा हात छातीवर. रोज सकाळी ही बाई अशी बसत होती, माझ्या बाबांच्या आवाजाची वाट बघत. आईने ते पाहिलं आणि उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. सिद्दीकीसाब आणि मी गच्चीवर गेलो.

आभाळ निळं, वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. दूर कुकटपल्लीच्या बाजूला धुरकट पट्टा. सात वाजले. मी मोजायला लागले. तिकडे आत्ता बाबा मान खाली घालून बसले असतील. पाच. दहा. एवढ्यात धूळसुद्धा बसली असेल, बाबा माणसं मोजत असतील. पंधरा. काही नाही. अठराला तो आला. मला वाटलं होतं धडाका असेल, तसा नव्हता. आभाळात कुणी तरी भलं मोठं कपाट ओढावं तसा दबका, जड आवाज वरून उतरला, छातीवर हात ठेवल्यासारखा टेकला, आणि खाली घरातल्या काचा खळाखळा वाजल्या. शेजारच्या छपरावरची कबुतरं एकदम उडाली. खालून बेगमचा “या अल्लाह” आणि त्यावर आईचा आवाज, “झालं, झालं अम्मा, हो गया.”

आणि त्या दिवशीही बाबांनी निम्मीच दारू भरली होती.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. खडक फोडणारा, माणसं मोजणारा माझा बाप सहा किलोमीटरवर एका आजारी बाईला रोज सकाळी घाबरवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. संध्याकाळी मी सगळं सांगितलं. परेडची ओळ काढून दाखवली, गार हवा, ऊन हवा, सगळं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “तूबी त्यांच्याच बाजूची झालीस का, माय?”

मला रडू फुटलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतक्या वर्षांत तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. “बाजू कसली? ती ऐकून आलीय. मीबी ऐकलंय. तुम्ही एकदा जाऊन ऐका.”

बाबा दोन दिवस नेहमीसारखे कामावर गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्यासारख्याच परवान्याच्या पोशय्याला गळ घातली, की उद्या तू उडव, मी माप भरून देतो. आणि सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाले.

त्या दिवशी गच्चीवर तिघं होतो. दोन ताठ माणसं, एक म्हातारा, एक म्हातारपणाकडे झुकलेला, एकमेकांकडे न बघता, दोघांच्या हातात घड्याळ. सात वाजले. सिद्दीकीसाब तारवाल्याच्या सवयीने मोजत होते, बाबांचे ओठ हलत होते. अठरा. आवाज उतरला. काचा वाजल्या.

बाबांनी घड्याळाचा हात खाली घेतला. पंचवीस वर्षं त्यांनी सुरुंग उडवले, पण प्रत्येक वेळी कानात कापूस घालून, मान खाली घालून, आवाजाच्या अगदी पोटाशी बसून. तो पुढे कुठे जातो, कुणाच्या घरात शिरतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते जिना उतरले, बेगमच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले, आत गेले नाहीत. हात जोडून म्हणाले, “अम्मा, आवाज मेराच था. मेरे कू मालूम नै था.”

बेगमने छातीवरचा हात काढला. “तुम कू कैसा मालूम होता, बेटा,” त्या म्हणाल्या. “तुम तो उसके एकदम बाजू में खडे रैते.”

हे वाक्य मी किती ठिकाणी वापरलं असेल. मुलगी माझ्यावर चिडते तेव्हा, ऑफिसात कुणी दुखावलं जातं तेव्हा. आपण बोललेलं आपल्याला जवळून ऐकू येतं तेवढंच. ते पुढे कुठल्या हवेतून जातं, कुठे जाऊन टेकतं, ते दुसऱ्याच्या गच्चीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बाबांचे कान आता गेले आहेत, सुरुंगांनीच नेले. थंडीतल्या या शिट्ट्या, या अजाना त्यांना ऐकू येत नाहीत, पण माझा चेहरा बघून त्यांना कळतं की काही तरी लांबून आलं आहे. मग ते पेपर बाजूला ठेवून माझ्याबरोबर उगीचच उभे राहतात. टेकाड कधीच संपलं. तिथे काचेची इमारत आहे, आणि तिच्यातली पोरं कानाला यंत्र लावून साता समुद्रापलीकडच्या लोकांशी बोलतात. बाबांना ती इमारत आवडते. “पाया पक्का आहे,” ते म्हणतात. “मला माहीत आहे.”

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची.

मॅडमनी सांगितलं होतं, सुरुंग दुपारी उडवा. गुत्तेदार ऐकेना. दुपारी काम थांबवून सगळ्यांना लांब न्यायचं म्हणजे अर्धा दिवस बुडाला, म्हणे. बाबांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी त्याला सांगितलं, “सार, दीड बजे सब लोगां खाना खाने को जातेच ना? उस टैम पे उडाता मैं. आपका एक मिनट नै जाता.” गुत्तेदाराने पान थुंकलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “देखो एक दिन.” संध्याकाळी घरी येऊन बाबा मला म्हणाले, “उद्या तू तिकडे जा, माय. पूर्ण दारू भरणार आहे मी. अर्धी नाही.”

तो सोमवार होता. कॉलेज बुडवून मी गेले. ऊन चांगलं तापलं होतं. बेगम त्या दिवशी पहिल्यांदा गच्चीवर आल्या होत्या, सिद्दीकीसाबांनी धरून आणलं होतं, आणि चटईवर बसून मटार सोलत होत्या. एक वाजून अठ्ठावीस झाले तसा त्यांचा हात मटारच्या शेंगेवर थांबला. दीड. मी मोजत होते, सिद्दीकीसाब मोजत होते. दहा. पंधरा. अठरा. वीस. पंचवीस. खाली रस्त्याने भंगारवाला ओरडत गेला. कुठे तरी कुणी तरी चटणी वाटत होतं. कबुतरं छपरावर तशीच बसलेली. चाळीस.

“हुआ क्या?” बेगमनी विचारलं.

“हो गया,” सिद्दीकीसाब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं.

“मेरे कू तो कुछ नै आया,” बेगम म्हणाल्या, आणि शेंग सोलली.

आम्ही तिघं ते मटार संपेपर्यंत उन्हात बसून राहिलो. सिद्दीकीसाबांनी आत जाऊन एक कागद आणला आणि त्याच देखण्या अक्षरात लिहून दिलं, की माझी तक्रार मिटली आहे. बेगमनी माझ्या रुमालात मूठभर दाणे बांधून दिले.

घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बाबा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते, अजून कामाच्या कपड्यात, केसांत धूळ. कागद मी पुढे केला, तो त्यांनी हातात घेतला पण वाचला नाही.

“काय ऐकलंस?”

“काही नाही, बाबा.”

“खिडक्या?”

“नाही वाजल्या.”

“नीट सांग. काहीच नाही?”

“काहीच नाही.”

ते हसायला लागले. गल्लीत उभं राहून, कागद छातीशी धरून, आधी हळू आणि मग मोठ्याने. दारातून आई विचारत होती, काय झालं म्हणून. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “सांग ग तिला. परत सांग.”